नीट दोनदा हुकली, आता लेकीला जुलाबाच्या जंतूंवर संशोधन करायचंय

प्रश्न : सर, रामराम. मी औसा तालुक्यातला शेतकरी. सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. थोरल्या लेकीनं लातुरात राहून दोनदा नीट दिली, दोन्ही वेळेस सरकारी एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत. मागच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि गावात गॅस्ट्रोची साथ आली. आरोग्य खात्याची माणसं आडाचं पाणी आणि पेशंटच्या संडासाचे नमुने घेऊन गेली. तेव्हापासून पोरीनं ठरवलंय, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करायची आणि या जंतूंवरच संशोधन करायचं. मला एवढंच सांगा : कमवायला लागायला किती वर्षं? पैसा किती? जंतूंत हात घालून तिला काही होणार नाही ना? का तिसऱ्यांदा नीट द्यायला लावू? बीएचएमएसला नंबर लागतोय, तो सोडावा का?

उत्तर : रामराम भाऊ. आधी वर्षांचा हिशोब सांगतो, कारण लोक तो गोड करून सांगतात आणि मग पाचव्या वर्षी घरात भांडणं होतात.

बीएस्सीची ३ वर्षं, एमएस्सीची २, पीएचडीची साधारण ५. त्यापुढे बहुतेकांना परगावी किंवा परदेशी २-३ वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत मुदतीचं संशोधन, करावं लागतं, तेव्हा कुठे संस्थेत 'शास्त्रज्ञ' म्हणून कायमची जागा मागता येते. म्हणजे तिशी उलटते. पण ही सगळी वर्षं तुमच्या खिशातून जायची नाहीत. खर्च खरा पहिल्या ५ वर्षांचा. एमएस्सीनंतर नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली २ वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये फेलोशिप, वर घरभाडं. हे दर २०२३ पासूनचे आहेत. म्हणून 'नोकरी कधी' यापेक्षा 'पाचव्या वर्षी जेआरएफ निघेल का' हा प्रश्न मोठा.

तिसऱ्या नीटचं माझं मत स्पष्ट आहे : देऊ नका. दोन वर्षांत ज्या लेकराचं मन डॉक्टरकीवरून प्रयोगशाळेकडे वळलं, त्याला तिसऱ्या वर्षी पुन्हा त्याच एमसीक्यूच्या घाण्याला जुंपून मार्क वाढत नाहीत. बीएचएमएसला नंबर लागतोय म्हणून घेऊ नका. तो वेगळा व्यवसाय आहे, जंतूंच्या संशोधनाकडे जाणारा रस्ता नाही. एक गोष्ट मात्र तिला आजच कळू द्या. एमएस्सी, पीएचडी करून ती या जंतूंची मोठी तज्ज्ञ होईल, पण दवाखान्यात पेशंटच्या कल्चर रिपोर्टवर (नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीवर) शेवटची सही सहसा एमडी मायक्रोबायोलॉजी झालेल्या डॉक्टरची असते. तिला पेशंटच्या खाटेजवळचं काम हवं असेल तर ही वाट अपुरी पडेल. जंतू जसा वागतो तसा का वागतो, हे शोधायचं असेल तर हीच वाट.

आता काम कसं असतं ते पाहू, कारण 'संशोधन' म्हणजे पांढरा कोट आणि मायक्रोस्कोप एवढंच चित्र घरोघर असतं. तुमच्या गावातून जो नमुना गेला त्याचंच उदाहरण घेतो, पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा संशय धरून.

नमुना पेशंटनं अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी घ्यायचा. हे पहिलंच पाऊल बहुतेक वेळा चुकतं. गावातल्या डॉक्टरनं आधीच गोळी दिलेली असते, मग प्लेटवर काही उगवत नाही आणि 'कॉलरा नाही' असा रिपोर्ट जातो. नमुना कॅरी-ब्लेअर नावाच्या मीडियात (मीडिया म्हणजे जंतू जगवायचं किंवा वाढवायचं माध्यम) बुडवून पाठवायचा. कोरड्या डबीत पाठवला तर कॉलऱ्याचा जंतू वाटेतच सुकून मरतो. प्रयोगशाळेत तो अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये घालतात, पीएच ८.४ ते ८.६. या जंतूला खारट, अल्कलीयुक्त पाणी मानवतं, आतड्यातल्या बाकीच्या जंतूंना तेवढं मानवत नाही. ६ ते ८ तास ठेवायचं, रात्रभर नाही. रात्रभर ठेवलं की बाकीचे जंतू उशिरा का होईना वाढतात आणि याला दाबून टाकतात. मग वरच्या थरातून तारेचा एक लूप भरून टीसीबीएस नावाच्या हिरव्या मीडियावर स्ट्रीक करायचं, म्हणजे रेघा ओढून पसरवायचं. हा मीडिया ऑटोक्लेव्ह करायचा (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करायचा) नसतो, नुसता उकळायचा. नवखी पोरं सवयीनं ऑटोक्लेव्हला लावतात आणि पूर्ण बॅच जाते.

दुसऱ्या दिवशी, १८ ते २४ तासांनी, ३७ अंशाच्या इनक्युबेटरमधून प्लेट काढली की हिरव्या मीडियावर २-३ मिलिमीटरच्या पिवळ्या, चपट्या, चकचकीत कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके, दिसतात. साखर खाऊन जंतूनं आम्ल सोडलं म्हणून भोवताल पिवळा झाला. पण पिवळं दिसलं म्हणजे कॉलरा सापडला असं नाही. प्लेट फ्रिजमध्ये ठेवून दुपारी पाहिली तर तीच पिवळी कॉलनी हिरवट दिसू शकते, म्हणून रंग लगेच वहीत लिहायचा. पुढची ऑक्सिडेज टेस्ट (जंतूची ओळख पटवायची एक रासायनिक चाचणी) या प्लेटवरून थेट करायची नाही, आम्लामुळे निकाल खोटा येतो. आधी साध्या न्यूट्रिएंट अगरवर सबकल्चर, म्हणजे तीच कॉलनी पुन्हा वाढवणं, त्यात आणखी एक रात्र. मग ऑक्सिडेज, मग साथीच्या ओ१ गटाच्या अँटिसीरमनं गुठळ्या होतात का ते, मग त्यातला ओगावा उपप्रकार की इनाबा, मग कोणत्या औषधाला दाद देतो. एवढं होईतो तिसरा-चौथा दिवस उजाडतो. इथपर्यंत नुसतं निदान झालं, संशोधन अजून सुरूच व्हायचंय. ते यापुढे : या जंतूत विषाचा जीन कोणत्या प्रकारचा, गेल्या वर्षीच्या साथीतला आणि हा एकच का, औषधाला न जुमानण्याचा गुण त्यानं कुठून उचलला. त्यासाठी पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढणं), जीनोम सिक्वेन्सिंग (जंतूचा पूर्ण डीएनए वाचणं) आणि कॉम्प्युटरवर महिनोन्महिने बसणं.

तुमच्या लेकीला हे आवडेल की नाही, ते 'जंतू' या शब्दाच्या ओढीवरून ठरवू नका. एकच काम चाळीस वेळा, तेवढ्याच नेटकेपणानं करता येतं का, यावरून ठरवा.

आणि मोठी यंत्रं असली तरच मोठं संशोधन होतं असंही नाही. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या छोट्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात कॉलऱ्याच्या कल्चरमधून जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी टोचलं. आत जंतू एकही नव्हता, तरी आतडं पाण्यानं टम्म फुगलं. म्हणजे जुलाब जंतूमुळे नव्हे, त्यानं सोडलेल्या विषामुळे. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी असं विष असावं अशी अटकळ बांधली होती. ते दाखवून दिलं डे यांनी, १९५९ मध्ये 'नेचर'मधल्या एका छोट्या लेखात. त्यांच्या हातात पक्का प्रश्न होता आणि सुतळीसारखी साधी युक्ती होती. पुढे कळलं की या विषानं आतड्याच्या पेशी क्लोराइड बाहेर ओततात, त्यामागे पाणी जातं, पण साखर आणि मीठ जोडीनं शोषून घ्यायचा दरवाजा तसाच उघडा राहतो. ओआरएस चालतं ते यामुळे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी ते हजारोंना पाजून दाखवलं. (जाता जाता : १ लिटरचं पाकीट पूर्ण, आणि १ लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजानं घातलं तर ते घट्ट होऊन जुलाब वाढू शकतात.)

आता शिक्षणाचं. बीएस्सीला कॉलेजचं नाव पाहू नका, प्रॅक्टिकलची बॅच पाहा. प्रवेश घेण्याआधी लेकीला घेऊन प्रयोगशाळेत जा आणि विचारा : एका बॅचमध्ये किती मुलं? प्रत्येकीला स्वतःची प्लेट स्ट्रीक करायला मिळते की चौघीत एक? ऑटोक्लेव्ह चालू आहे का? लोडशेडिंगमध्ये इनक्युबेटरला इन्व्हर्टर आहे का? वीज रात्री चार तास गेली की सकाळच्या प्लेटा वाचण्यात अर्थ नसतो. तुकडी अनुदानित की विनाअनुदानित हेही विचारा. एकाच कॉलेजात दोन्ही असतात आणि फीत मोठा फरक पडतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या वर्षापासून दरवर्षी भरा. एक वर्ष विसरलं की ते पैसे गेले.

आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा बारावीनंतर ठरावीक वर्षांपुरतीच असते, थोरलीला अजून बसता येतं का ते त्यांच्या माहितीपत्रकात पाहा. धाकटं कोणी असेल तर लक्षात ठेवा, पण तिथे गणित टाळता येत नाही आणि आपल्याकडची बायोलॉजीवाली पोरं अकरावीतच गणित सोडतात.

बीएस्सीत इंग्रजीचा बाऊ करू नका, गणिताचा करा. सिरियल डायल्यूशन, म्हणजे नमुना दहा-दहा पटीनं पातळ करत जाणं, हा दहाच्या घातांचा हिशोब. एका प्लेटवर ३० ते ३०० कॉलनी आल्या तरच मोजणी धरायची. त्याहून कमी आल्या तर नशिबाचा खेळ, जास्त आल्या तर एकमेकींवर चढलेल्या. मूळ पाण्यात किती जंतू होते ते काढताना ०.१ मिलिलिटर पसरवलं होतं हे विसरलं की उत्तर दहापट चुकतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचंही हे चुकतं.

एमएस्सीची जागा ही खरी खेळी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कॅम्पसवर लाइफ सायन्सेसमध्ये मायक्रोबायोलॉजी आहे, ते घराजवळचं चांगलं दार. पण त्याच वेळी आयआयटी-जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर, सीयूईटी-पीजी आणि गॅट-बी या तिन्ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा. गॅट-बीतून मिळणाऱ्या डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) जागांवर दरमहा विद्यावेतनही असतं. तयारी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सुरू करायची, तिसऱ्या वर्षी सुरू केली तर उशीर होतो. 'एमएस्सी मेडिकल मायक्रोबायोलॉजी' म्हणून एक वेगळा अभ्यासक्रम मेडिकल कॉलेजांत असतो, बहुतेक ठिकाणी ३ वर्षांचा. पेशंटच्या नमुन्यांवर हात बसवायला तो उत्तम, पण त्यानंतर नेटची तयारी वेगळी करावी लागते.

नेटबद्दल एक गैरसमज फार पोरांना बुडवतो. मायक्रोबायोलॉजीत पहिला नंबर आला म्हणजे सीएसआयआर नेट निघेल, असं नाही. पेपर लाइफ सायन्सेसचा असतो : बायोकेमिस्ट्री, मॉलिक्युलर बायोलॉजी, जेनेटिक्स, इम्युनॉलॉजी, वनस्पती, प्राणी, इकॉलॉजी, उत्क्रांती, पद्धती. २०० मार्कांपैकी १०० मार्क 'सी' भागाचे. त्यात ७५ प्रश्नांतून २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ मार्क, चुकलं की पाव हिस्सा कापला जातो. ते प्रश्न पाठांतराचे नसतात. प्रयोगाचा ग्राफ किंवा जेलचा फोटो देऊन 'यावरून काय म्हणता येईल' असं विचारतात. नीटच्या सवयीची पोरं इथे घसरतात, कारण त्यांना सगळे प्रश्न सोडवायची घाई असते. परीक्षेची सत्रं वर्षातून दोन, जून आणि डिसेंबर, आणि मुलींना वयात ५ वर्षांची सवलत. याशिवाय आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) आणि डीबीटीची वेगळी जेआरएफ परीक्षा असते. तिन्हींचा अभ्यास बराचसा एकच. तुम्ही ज्या प्रवर्गात येता त्याप्रमाणे सारथी, महाज्योती किंवा बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांची पीएचडी फेलोशिपही आहे, पण तिची जाहिरात ठरल्या महिन्यात येईलच असं धरून घरचा हिशोब मांडू नका.

पीएचडीला या विषयाच्या जागा. कोलकात्यात आयसीएमआरची संस्था आहे, १९६२ मध्ये कॉलरा संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली. अलीकडे नाव बदललं तरी सगळे तिला अजून नाइसेडच म्हणतात. आतड्याच्या जंतूंसाठी देशातलं हे पहिलं घर. फरीदाबादची टीएचएसटीआय, वेल्लोरचं सीएमसी, साल्मोनेलासाठी (टायफॉइडच्या जंतूचं कूळ) बंगळुरूची आयआयएससी. जवळ पुण्यात एनसीसीएस आणि आयसर. संस्थेपेक्षा गाईड महत्त्वाचा. तिनं निवडीआधी त्या प्रयोगशाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावं : किती जणांची पीएचडी झाली आणि किती वर्षांत? उणे ८० अंशाच्या फ्रीझरला बॅकअप आहे का? पाच वर्षं जमवलेले जंतू त्या फ्रीझरमध्ये ग्लिसरॉलमध्ये असतात. तो एका मे महिन्यात बंद पडला की प्रबंध गेला. नमुने कुठल्या दवाखान्यातून येतात आणि एथिक्स कमिटीची परवानगी झालीय का? ही परवानगी नसताना पेशंटचे नमुने गोळा केले तर काम कितीही चांगलं असो, छापता येत नाही. परवानगीला महिने लागतात, म्हणून अर्ज पहिल्या सहामाहीतच टाकायचा.

तुमची काळजी, तिला काही होईल का. धोका आहे, पण तो भीतीचा विषय नाही, सवयीचा आहे. शिगेला नावाचा जंतू १० ते १०० इतके पोटात गेले तरी हगवण लागते. डोळ्याला न दिसणारा थेंब पुरेसा. अमेरिकेत २०११ मध्ये कॉलेजच्या आणि दवाखान्याच्या मायक्रोबायोलॉजी प्रयोगशाळांशी जोडलेली साल्मोनेलाची साथ आली होती. कारण घरगुती होतं : बेंचवर ठेवलेले पेन, वह्या तशाच घरी जात होत्या. कॉलऱ्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या माणसाला शिगेला आणि टायफॉइडचा जंतू जास्त सतावतात. उपाय ठरलेले आहेत. टायफॉइडची लस आधी घ्यायची. तोंडानं पिपेट (द्रव मोजायची नळी) ओढायचं नाही, सर म्हणाले तरी नाही. मोबाइल बेंचवर येऊ द्यायचा नाही. प्रयोगशाळेचा कोट प्रयोगशाळेतच राहतो, होस्टेलवर धुवायला येत नाही. आणि मीडियाच्या फ्रिजमध्ये जेवणाचा डबा ठेवायचा नाही. हसू नका, अजून ठेवतात. वापरलेल्या प्लेटा १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या, आणि पिशवी गच्च भरायची नाही. आत अडकलेल्या हवेमुळे वाफ मधोमध पोचत नाही. काटा १२१ दाखवतो, आतले जंतू जिवंत राहतात.

समजा पाचव्या वर्षी जेआरएफ नाही निघाली. तेव्हा रिकाम्या हातानं परतायचं नाही. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल विभागाच्या पाणी प्रयोगशाळांत कंत्राटी का होईना जागा निघतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या औषध कंपन्यांत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) मायक्रोबायोलॉजीला माणसं लागतात, हैदराबाद आणि पुण्यात लसीच्या कंपन्यांत तर हाच विषय : टायफॉइडची एक नवी लस हैदराबादलाच तयार झाली. मात्र 'सीएचबीवर कॉलेजात शिकवीन आणि जागा निघायची वाट पाहीन' या वाटेला शक्यतो पाठवू नका. तासिका तत्त्वावर माणूस वर्षानुवर्षं अडकतो आणि बेंचवरचा हात जातो तो जातोच.

शेवटी एक काम सांगतो, प्रवेशाच्या आधी करण्यासारखं. लेक या कामाची आहे का, हे माझ्यापेक्षा तेच सांगेल. पाणी तपासायच्या एचटूएस बाटल्या बारा मिळवा. आरोग्य उपकेंद्रात किंवा ग्रामपंचायतीत विचारा, बाजारातही मिळतात. आड, हापसा, नळ, टँकर, विकतचा जार आणि घरातला रांजण, प्रत्येकी दोन नमुने. बाटलीच्या तोंडाला बोट लागू द्यायचं नाही, खुणेपर्यंतच भरायचं, उबदार जागी ठेवायचं आणि २४ व ४८ तासांनी पाहायचं. काळं पडलं तर पाणी विष्ठेनं दूषित असण्याची शंका.

मग खरी परीक्षा. आडाची एक बाटली काळी आणि एक साफ आली तर ती काय म्हणते? नळाचं पाणी सकाळी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर घेतलं की संध्याकाळी, हे तिनं लिहून ठेवलंय का? ओटी टेस्टनं क्लोरीन बघितला का? टीसीएलचं पोतं दमट खोलीत उघडं पडलेलं असेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम मोजून टाकूनही उपयोग होत नाही, क्लोरीन आधीच उडालेला असतो. पोत्यावरची तारीख तिनं पाहिली का? खोल बोअरच्या पाण्याला मुळात कुजक्या अंड्याचा वास असेल तर बाटली जंतूंशिवायही काळी पडते, हे तिला स्वतःहून सुचतं का पाहा. आणि काळी झालेली बाटली उघडून हुंगायची नाही. त्यात आता जंतू वाढलेले आहेत. ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेवायची, मगच संडासात ओतायची.

बारा बाटल्या संपल्यावर तिची वही तुम्ही वाचा, भाऊ. तारीख, वेळ, जागा, शेवटचा पाऊस कधी पडला, सगळं लिहिलेलं असेल आणि दोन बाटल्यांत मेळ का नाही यावर ती तुमच्याशी जेवताना वाद घालत असेल, तर बीएस्सीचा फॉर्म भरा. वही तिसऱ्या दिवशीच कोरी असेल तर मला परत लिहा, दुसरं काहीतरी पाहू.